आबांचा पांढरा कॅन

आबांच्या खाटेखालचा पांढरा प्लास्टिकचा कॅन मी मोरीत नेऊन ओतला, स्वच्छ विसळला, उन्हात पालथा घातला आणि हात पुसत वॉर्डात परत आलो. वडिलांची सेवा म्हणतात ती हीच, असं काहीतरी मनात चाललं होतं. तेवढ्यात तो तरुण डॉक्टर आला, खाटेखाली वाकला आणि सरळ झाला तेव्हा दावणीचं दुभतं जनावर कोणी सोडून नेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"कॅन कुठाय?"

"धुतला," मी म्हणालो.

"धुतला? अहो, काल सकाळपासूनची सगळी लघवी होती त्यात!"

"व्हय ना. म्हणून तर धुतला."

त्यानं कपाळाला हात लावला. उद्या पुन्हा पहिल्यापासून, एवढंच बोलून तो पुढच्या खाटेकडं गेला. आबा सगळं ऐकत पडले होते. ते हळूच म्हणाले, "काहून एवढा तडफडला रे तो? सोनं निघून राहिलं काय माझ्यातून?"

आमच्या घरात संशय शिरला तो त्या दिवशी.

हिंगोली जिल्हा नवानवा झाल्यानंतरची ही गोष्ट. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात आबांना उभ्याउभ्या गरगरलं आणि नाकाचा घोळणा फुटला. धोतर रक्तानं भिजलं. जीपमध्ये घालून हिंगोलीच्या दवाखान्यात आणलं, तर प्रेशर भलतंच चढलेलं. ते उतरलं नाही तर पुढच्या वेळी लकवा, असं डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला घ्यायची गरज नव्हती. आबांच्या थोरल्या भावानं लकवा होऊन बरीच वर्षं खाटेवर काढली होती, आणि त्याला घास भरवणारे आबाच होते. दवाखान्यात पाठ टेकताच ते मला म्हणाले, "मरायला म्या भेत न्हाई. पण दादासारखं पडून ऱ्हायचं न्हाई बघ मला."

तो तरुण डॉक्टर प्रेशरच्या रोग्यांचा अभ्यास करत होता. मोठ्या परीक्षेसाठी तो लिहून द्यावा लागतो, त्याचे गुरुजी नांदेडला असतात, अभ्यासात यायचं की नाही ते तुमच्या मर्जीवर, उपचार तेच राहतील, असं सगळं त्यानं नीट समजावलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. आपल्याला समजावून सांगावं लागतं हाच मला कमीपणा वाटला आणि मी न ऐकताच मान डोलावली. वर्गात पोरं मान डोलावतात तेव्हा त्यांना काही कळलेलं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. स्वतःच्या मानेबद्दल मात्र तसा विचार कधी केला नव्हता.

कॅनचा प्रसंग झाल्यावर मी डोळे उघडून बघायला लागलो आणि जे दिसलं ते सगळंच संशयास्पद होतं. प्रेशर आधी एका दंडावर मोजायचे, मग दुसऱ्या. झोपवून मोजायचे, मग उभं करून. आबांचा एक हात दुसऱ्यावर खोटेपणाचा आरोप करतोय आणि मध्ये डॉक्टर साक्षी काढतोय, असं ते दिसे. कॅनमधलं थोडंसं एका बाटलीत भरून एसटीनं नांदेडला जायचं. आबा स्वतः लग्नकार्याशिवाय कधी नांदेडला गेले नव्हते.

शिवाय चौकशी. "बाबा, काल काय काय खाल्लं?" असं आबांना विचारून झालं, की तोच प्रश्न तो मला व्हरांड्यात नेऊन विचारायचा. पोलीस दोन चोरांना वेगवेगळं बसवून विचारतात तसं. दवाखान्याचं जेवण अळणी होतं. घरचा डबा बंद, ठेचा बंद, लोणचं-पापड बंद. आम्ही ते काटेकोर पाळत होतो. बायको एक दिवसाआड सकाळच्या गाडीनं यायची, तीही आबांची धुतलेली धोतरं आणि त्यांची गॅसवरच्या औषधाची डबी तेवढी भरून घेऊन. तिच्या पिशवीत भाकरीचा तुकडा सापडला नसता.

तरी प्रेशर उतरेना. शेजारच्या खाटेवर कुरुंद्याचे एक हळदीचे शेतकरी होते, आजार तोच, कॅनही तसाच. त्यांचं प्रेशर उतरलं आणि ते घरी निघाले. जाताना आबांना म्हणाले, "पाव्हणं, तुमी काय दवाखान्याला घरजावई का?" आबा हसले, पण मग दिवसभर कुशीवर वळून पडून राहिले. दुपारी मी बघितलं, ते डाव्या हाताची बोटं एकेक करून हलवून बघत होते. लकवा आला तर नाही ना, याची तपासणी चाललेली.

त्याच संध्याकाळी काका आले. काका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. त्यांना जगातल्या सगळ्या गोष्टींची आतली बातमी असते. मला बाहेर नेऊन म्हणाले, "अभ्यास म्हंजे काय म्हाईत हाय का तुला? निम्म्या लोकायला खरं औषध देतेत, निम्म्यायला खडूची गोळी. मंग कोण तगतं अन् कोण आडवं होतं ते बघत बसतेत. कुरुंद्यावाल्याला खरी भेटली. आपल्या आबाला खडू!"

मी विज्ञानाचा शिक्षक. प्रयोगाशिवाय विश्वास ठेवणार नव्हतो. रात्रीची गोळी सिस्टरनं माझ्या हातात दिली, तेव्हा मी त्या गोळीनं भिंतीवर एक बारीक रेघ ओढून बघितली. पांढरीशुभ्र रेघ उमटली. आयुष्यभर खडू धरलेल्या हाताला आणखी काय पुरावा हवा होता? रेघ ओढून झाल्यावर गोळी पुसून आबांना दिली, कारण वाया कशाला घालवा. आणि काकांना सांगितलं, सकाळी जीप घेऊन या.

सकाळी मी आबांची पिशवी भरत असतानाच डॉक्टर आला. बायकोही नुकतीच पोचली होती.

"कुठं निघालात? या प्रेशरमध्ये नेणं धोक्याचं आहे."

"ठेवणं धोक्याचं न्हाई का? आमच्या वडलाला तुमी खडूच्या गोळ्या देऊन राहिले!" मी भिंतीवरची रेघ दाखवली.

त्यानं रेघेकडं बघितलं, मग माझ्याकडं. "या रांगेत सगळ्यांना एकाच डब्यातल्या गोळ्या आहेत, गुरुजी. कोणतीही घासा, रेघ उमटेल. मी गोळी तपासत नाहीये, मीठ तपासतोय. लघवीवरून कळतं, पोटात किती गेलं ते. सगळ्यांचं मीठ खाली आलं, तुमच्या वडलांचं वर चाललंय. पहिली बाटली नांदेडहून तपासून आल्यापासून मला तुमचा संशय आहे. कॅन ओतलात तेव्हा तर खात्रीच पटली. ठेचा आणता ना चोरून?"

"लेकराची शप्पथ, कण न्हाई आणला!"

"मग हे मीठ येतं कुठून?"

आता संशयाला इतके धनी झाले की कोणी कोणाकडं बघावं कळेना. मी बायकोकडं बघितलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी परत डॉक्टरकडं बघायला लागलो. आवाज चढलेले, खाली काकांच्या जीपचा भोंगा वाजतोय, आणि या गोंधळानं आबांच्या पोटात गॅस धरला. त्यांनी उशीखालून डबी काढली, तळहातावर ढीगभर ओतून घेतलं आणि फक्की मारली.

"बाबा, ते काय?"

"औषध."

डॉक्टरनं डबीत बोट घालून जिभेला लावलं आणि तो खाटेच्या कडेला बसलाच. ओवा, पादेलोण आणि खायचा सोडा. आमच्या घरात आजोबांपासून चालत आलेलं. त्याला मीठ म्हणणं म्हणजे गंगेला डबकं म्हणण्यासारखं होतं. 'काय खाल्लं' या प्रश्नाचं उत्तर आम्ही रोज खरं देत होतो. औषध कोणी खाण्यात धरतं का? पादेलोण म्हणजे मीठ आणि सोडा म्हणजे त्याचा भाऊ, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. आणि डबीचं झाकण घट्ट झालं, की रोज मीच उघडून देत होतो.

"दिवसातून किती वेळा घेता?"

"गॅस झाला की."

"आणि गॅस कधी होतो?"

"तुमी दिसले की," आबा म्हणाले.

काका वर आले. त्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, "हॅट, हे काय मीठ हाय?" आणि दारात उभं राहून त्यांनीही एक फक्की मारली. जीप रिकामीच परत गेली.

पण डबी सोडायला आबा तयार होईनात. अन्न पचणार नाही, त्यापेक्षा घरी न्या, हेच पालुपद. तेव्हा बायको डॉक्टरला घेऊन व्हरांड्यात गेली, दोघं काहीतरी बोलली, आणि भरून आणते म्हणून ती डबी घेऊन गावी गेली. पुढच्या खेपेला डबी भरून आबांच्या उशाशी! आबांनी फक्की मारली, डॉक्टरनं डोळ्यांनी बघितलं आणि तो पुढच्या खाटेकडं वळला. मला नवाच संशय आला, यानं आबांवर पाणी सोडलं की काय. पण प्रेशर उतरायला लागलं. आबा चालत दवाखान्याच्या बाहेर आले.

महिन्यानं तपासायला बोलावलं होतं. प्रेशर उतरलेलंच होतं. आबांनी डॉक्टरसमोर दोन्ही हातांच्या मुठी वळून दाखवल्या, न विचारता. गावी आल्यावर ते ओसरीवर काकांशी गप्पा मारत बसले, मध्ये डबी ठेवून. मला राहवेना. आत जाऊन बायकोला म्हणालो, "डबी तशीच चालू हाय, मंग प्रेशर कसं उतरलं? काय घोळ हाय हा?"

ती पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली, "हळू बोला. महिनाभरापासून नुसता भाजलेला ओवा हाय त्यात, अन् चवीला आमचूर. मामंजींचा गॅस चांगला उतरून राहिला. डॉक्टरला विचारूनच केलं. मामंजींना सांगू नका. अन् काकांना तर मुळीच नका. त्यायचाबी उतरून राहिला."