अंदाजानं लिहायचं नाही

विमलताई गायकवाड गेल्याचा फोन आला तेव्हा मी येडशीच्या बाजारात भाजी घेत होते. पिशवी तशीच ठेवून घरी आले. ताई माझ्या थोरल्या सहकारी. आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात परिचारिका. कोणत्या समाजाच्या बायका तपासणीला उशिरा येतात हे कळावं म्हणून केसपेपरवर रुग्णाचा समाज लिहायचं ठरलं, आणि तो कसा विचारायचा हे कर्मचाऱ्यांना शिकवायचं काम ताईंकडं आलं.

आपल्याकडं जात कुणी थेट विचारत नाही. आडनाव विचारायचं, मग गाव, मग ‘पाहुणे कुठले’, आणि मनातल्या मनात ठरवून मोकळं व्हायचं! जवळच्याच वाशीच्या दवाखान्यातल्या प्रशिक्षणात केसपेपरच्या खिडकीवरचा कारकून महादेव म्हणाला, “इचारायचं कशाला ताई? आडनाव ऐकलं की आख्खी भावकी कळती आमाला.”

“मग माझी सांगा की,” ताई म्हणाल्या. त्यानं छातीठोकपणे मराठा सांगितलं.

“बौद्ध हाय मी,” ताई हसल्या. “अंदाज चालत न्हाय, दादा. कशापायी इचारताय ते आधी सांगा, मग इचारा. न्हाय सांगितलं तर तसंच लिवा.” सगळे खो खो हसले, महादेव तोंड पाडून बसला. पुढं वरून निरोप आला, सगळ्यांना आता येतंय, प्रशिक्षण पुरे. ताईंना ते फार लागलं.

शेवटच्या आजारात त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या माणसानं पत्त्यातलं वस्तीचं नाव वाचलं आणि काही न विचारता समाज लिहून टाकला. मी समजूत घालायला म्हटलं, “ताई, बरोबरच लिहिलंय त्यानं.”

“व्हय, बरोबर हाय...” त्या दम घेत म्हणाल्या, “पर मला इचारलं न्हाय गं. इतकं शिकवलं, एकजण तरी शिकला का?” त्यानंतर त्या या विषयावर बोलल्याच नाहीत.

परवा कामानिमित्त वाशीला गेले. महादेव खिडकी सोडून बाहेर आला होता आणि बाकड्यावर एका म्हातारीशेजारी बसून हळू आवाजात सांगत होता, “मावशी, दवाखाना कुणापातुर पोचत न्हाय ते बघायचंय, म्हणून तुमचा समाज इचारतोय. सांगायचं नसलं तर ऱ्हाऊ द्या.” मावशीनं पदर सावरला, त्याच्याकडं नीट बघितलं आणि सांगितलं.

मला तिथंच रडू आलं. ताई, एकजण शिकला होता हो... आणि वाशी काही लांब नव्हती, तुम्ही असतानाच जाऊन बघायला हवं होतं मी.