मारबत आणि हिल्डाबाई

जर्मनीत रविवारी सकाळी मोठ्यानं शिंकायला कायद्यानं बंदी नाही. पण आमच्या घरमालकीण हिल्डाबाई खालच्याच मजल्यावर राहत, त्यामुळे कायद्याची गरजही नव्हती.

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याचा. पंप बनवणाऱ्या एका कंपनीनं मला तिकडे पाठवलं आणि मी बायकोला, म्हणजे वैशालीला घेऊन एका छोट्या गावात हिल्डाबाईंच्या डोक्यावर राहायला गेलो. पहिलं वर्ष त्यांचे नियम पाठ करण्यात गेलं. रविवारी वॉशिंग मशीन लावायचं नाही. रविवारी रिकामी बाटली कचऱ्यात टाकायची नाही (आवाज होतो!). जिना झाडायची पाळी आली की झाडायचा, मग त्या चष्मा लावून तपासायला येणार. फोडणी दिली तर खिडकी उघडायची नाही, कारण वास बाहेर जातो. खिडकी बंद ठेवली तर वास जिन्यात येतो, म्हणून मग फोडणीच द्यायची नाही! आम्ही इतके शांत झालो की नवरा-बायकोची भांडणंसुद्धा कुजबुजत करायचो. एकदा कुजबुजत भांडून बघा, सगळी मजाच जाते.

त्यात सिहोऱ्याहून आई आली. आईचा आवाज धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत तयार झालेला. या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाला 'चहा आला' सांगायचा आवाज तो!

"अवी, कुकरची शिट्टी नाही वाजू द्याची, तं वरन शिजलं कसं समजंन?"

"आई, हळू बोल ना."

"हळूच तं बोलून राहिलो!"

खालून आमच्या फरशीला झाडूचा दांडा लागला. ठक, ठक.

आता खरी अडचण सांगतो. आमचा भाडेकरार संपत आला होता. तो वाढवायचा की आम्हाला वाट दाखवायची, हे हिल्डाबाई सोमवारी सांगणार होत्या. त्या गावात दुसरं घर मिळणं म्हणजे ऐन कापणीत मजूर मिळण्यासारखं. वैशालीनं आईला बजावून ठेवलं, "आई, सोमवारपर्यंत काही गडबड नोको करजा."

आणि शनिवारी पोळा आला.

आईनं पुरण घातलं. बैल नव्हते, म्हणून फ्रिजवर चिकटवलेल्या चुंबकाच्या गाईला हळदकुंकू वाहिलं. इथवर ठीक होतं. पण संध्याकाळी मी घरी आलो तर दाराला हिरव्यागार फांद्या लावलेल्या! आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या काढून घरभर फिरवायच्या आणि 'घेऊन जाय गे मारबत' असं ओरडत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायच्या. वर्षभराची इडापीडा मारबत त्यांच्याबरोबर घेऊन जाते.

"आई, हे कुठून आनलं?"

"खाली झाड हाय ना. पळस नाही भेटला, पन पानं मोठे हायेत. एवढं झाड, दोन फांद्या तोडल्या तं कोनी काही बोललं नाही."

"कोनी पाह्यलं का?"

"कोनीच नाही. मनूनच तं कोनी बोललं नाही!"

ते झाड हिल्डाबाईंचं लाडकं होतं. त्याचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. त्याची पानं त्या ओल्या फडक्यानं पुसायच्या! माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या उठायच्या आत फांद्या गावाबाहेर गेल्याच पाहिजेत, असं मी ठरवलं. आईलाही पहाटेच न्यायच्या होत्या. माय-लेकांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं.

पहाटे निघालो. लुगड्यावर माझं थंडीचं जाकीट चढवलेली आई पुढे, कोटाखाली फांद्या लपवून मी मधे, मोबाइलचा उजेड दाखवत वैशाली मागे. जिना मोजे घालून उतरलो, बूट हातात! गावाच्या टोकाला पिवळी पाटी होती. तिकडे गाव संपलं की गावाच्या नावावर लाल काट मारलेली पाटी असते. आई हरखून गेली.

"पाय, किती चांगले लोकं! शीव लिहून ठेवली! हं, आता ओरड."

"हळू ओरडू आपन."

"हळू? तिले आयकू नाही आलं तं नेईन कसं?"

आणि आईनं सुरुवात केली. "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत! माशी-मच्छर घेऊन जाय गे मारबत!" झाडावरचे कावळे उठले. मग वर्षभर कुजबुजणारी माझी बायको एकदम पेटली. "संध्याकाळी पाच वाजताचा अंधार घेऊन जाय गे मारबत! बिनमिठाचे आलू घेऊन जाय गे मारबत!" आता मी मागे कसा राहणार? "कचऱ्याचे चार-चार डबे घेऊन जाय गे मारबत!" घसा मोकळा झाला. किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्या भरात मी फांदी गरगर फिरवली आणि छाती फोडून ओरडलो, "हिल्डाबाईले घेऊन जाय गे मारबत!"

फांदी पाटीपलीकडे फेकून वळलो. मागे हिल्डाबाई उभ्या. बरोबर कुत्रा, फिरायला निघालेला. (दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव.)

"तुम्ही माझं नाव घेतलंत," हिल्डाबाई म्हणाल्या. जर्मनमध्ये म्हणाल्या. मी मराठीत देतोय, पण त्यातली थंडी मराठीत येत नाही.

"काय मनते?" आईनं विचारलं.

"मनते, माहं नाव काहून घेतलं."

"मंग सांग ना, कटकट करते मनून!"

माझ्या डोळ्यांसमोर सोमवार आला. रस्त्यावर ठेवलेलं सामान आणि त्यावर बसलेली आई दिसली. मी म्हणालो, "आमच्याकडे या दिवशी गावाच्या शिवेवर येतात, आणि ज्यांच्याबद्दल फार आदर आहे त्यांचं नाव घेतात."

"इतक्या मोठ्यानं?"

"जितका आदर, तितका आवाज."

त्यांची नजर पाटीपलीकडे गेली. "आणि ती माझ्या झाडाची फांदी?"

"नाव ज्यांचं, फांदीही त्यांच्याच झाडाची लागते." (वैशालीनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. लग्नातही एवढं पाहिलं नव्हतं.)

हिल्डाबाई चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "या गावात माझं नाव कुणी मोठ्यानं घेऊन फार वर्षं झाली."

माझं तोंड एवढंसं झालं. आईला शब्द कळला नव्हता, पण डोळे कळले. "रडते काहून गे माय? चाल घरी," म्हणत तिनं हिल्डाबाईंचा हात धरला. घरी नेऊन तुपात बुडवून पुरणपोळी वाढली आणि त्यांनी ताट बोटानं पुसलं.

करार वाढला. कुकरच्या शिट्टीलाही परवानगी मिळाली. पुढे दुपारच्या दुपार दोघी जिन्यात बसायच्या. एक आमच्या झाडीबोलीत बोलायची, दुसरी जर्मनमध्ये. वाद झाला असेल तरी दोघींना पत्ता नाही. आई सिहोऱ्याला परत निघाली तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

पुढच्या वर्षी पोळा मी विसरलो, पण हिल्डाबाई विसरल्या नाहीत. आईला व्हिडिओ कॉल करून त्यांनी शब्द घोकून घेतले होते. पहाटे आरोळीनं आम्ही धडपडत उठलो. खिडकीतून पाहिलं तर त्या स्वतःच्या हातानं तोडलेली फांदी घेऊन शिवेकडे चाललेल्या, आणि सगळं गाव दणाणून सोडत होत्या, "अविनाश घेऊन जाय गे मारबत! अविनाश घेऊन जाय गे मारबत!"

मला पाहून त्यांनी छातीवर हात ठेवला. आदर!

"आता तं खरं सांगा," वैशाली म्हणाली.

"कसं सांगू? पाय ना, किती खुश हाय ते!"

त्यांनी फांदी पाटीपलीकडे लांब भिरकावली. दिवाळीच्या आत कंपनीनं तिथलं काम बंद केलं आणि मला भारताचं तिकीट हातात दिलं. निरोप देताना हिल्डाबाई हुंदके देत म्हणाल्या, "मी इतका आदर केला, तरी जाताय?" मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. शेवटी रडलो.

आता सिहोऱ्यात माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. इथं रविवारीसुद्धा हवं तितकं ओरडता येतं, पण फरशीखालचा तो ठक ठक आवाज मनातून जात नाही. दर पोळ्याला हिल्डाबाईंचा फोन येतो. "अविनाश, यंदाही तुमचं नाव घेतलं. मागच्या वर्षीपेक्षा मोठ्यानं!" मी धन्यवाद म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवला की आई विचारते, "यंदा कुठं नेते मनते मारबत?"

सिहोऱ्याच्या पुढे बावनथडी नदी आहे आणि नदीपलीकडे मध्य प्रदेश. मी बॅग भरूनच ठेवली आहे.