हिराबाईंच्या विहिरीचं पाणी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही मला नीट ठाऊक नाही — पण सुरुवात केली आहे, तर आता मध्येच थांबणार नाही.

नाशिकला एका खासगी प्रयोगशाळेत मी पाणी तपासते. विहिरीचं, बोअरचं, सोसायट्यांच्या टाक्यांचं, कारखान्यांच्या सांडपाण्याचं. काम तसं साधं. पाण्याचा थेंब काचेच्या बशीत पसरायचा, उबेत ठेवायचा, दुसऱ्या दिवशी जंतूंचे ठिपके मोजायचे आणि अहवालावर सही करायची. माझ्या सहीवर लोक पाणी पितात. हे मला तेव्हाही कळत होतं — कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी हिराबाई आल्या. पन्नाशीच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली. अंबडच्या कारखान्यांच्या मागे जो नाला वाहतो, त्याच्या काठाला त्यांचा अर्ध्या एकराचा मळा. मेथी, पालक, कोथिंबीर. विहीर नाल्याला अगदी लागून.

"ताई, आधी पान्याला लय घाण वास मारायचा," त्या म्हणाल्या. "शेवाळ यायचं. आता वास बी नाय, शेवाळ बी नाय. बेडूक सुदिक दिसत नाय. पानी सुधारलं का बिघडलं, तेवढं सांगा."

इतका नेमका प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. शिकलेल्यांनीही नाही.

मोजणी केली. जंतू कमी निघाले — नाल्याकाठच्या विहिरीत असतात त्यापेक्षा खूपच कमी. कागदावर ते पाणी बरं होतं. मी तिथेच थांबले असते तर? पण बेडूक डोक्यातून जाईना. मग जे जंतू उरले होते, त्यांना मी वेगळं वाढवलं आणि त्यांच्यावर औषधांच्या आठ कागदी टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडलं की टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल कडं दिसतं. दुसऱ्या दिवशी बशी उघडली. सात टिकल्यांना कडंच नव्हतं. जंतू टिकलीला खेटून वाढलेले. फक्त आठव्या टिकलीभोवती कडं होतं. तिच्यातल्या औषधाचं नाव मी वहीत लिहून ठेवलं.

काय झालं असणार ते मला लगेच कळलं. नाल्याच्या वरच्या अंगाला नळांना चकाकी देणारा एक छोटा कारखाना आहे. निकेल-क्रोमचं पाणी तिथून येत असणार. त्या पाण्यात साधे जंतू मरतात — म्हणून वास गेला. उरतात ते चिवट. धातूचं विष अंगाबाहेर फेकायला शिकलेले. आणि ज्या युक्तीने ते विष बाहेर फेकतात, त्याच युक्तीने पुष्कळदा औषधही फेकतात. म्हणजे पाणी सुधारलेलं नव्हतं. त्यातले नरम जंतू तेवढे मेले होते.

मग मी गप्प का बसले?

प्रयोगशाळेच्या साहेबांनी दबाव आणला, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना तर मी काही सांगितलंच नाही. कारण वेगळं होतं. त्या कारखान्याच्या सांडपाण्याचे अहवाल मीच देत होते. ते बोलावतील त्या दिवशी जायचं, ते दाखवतील त्या नळाखाली बाटली धरायची आणि 'मर्यादेत' असं लिहून सही करायची. तीन वर्षं. हिराबाईंना खरं सांगितलं असतं, तर पहिला प्रश्न माझ्याच सहीला विचारला गेला असता.

हिराबाई अहवाल न्यायला आल्या. मी म्हणाले, "जंतू कमी आहेत. पाणी बरं आहे." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. पिशवीतून मेथीच्या दोन जुड्या काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या. मी नको म्हणाले, त्यांनी ऐकलं नाही.

आणि आता ते सांगते, जे सांगायला मी इतका वेळ लावते आहे. ती मेथी मी घरी नेलीच नाही. वाटेतल्या कचराकुंडीत टाकली, वर हात साबणाने दोनदा धुतले. माझ्या घरात लेक खोकत होती — तिच्या ताटात मला ती भाजी नको होती. म्हणजे खोटं बोलताना मला खरं किती पक्कं माहीत होतं, बघा. दुसऱ्या दिवशी बशा वाफेच्या भांड्यात घालून नष्ट केल्या. वही तेवढी राहिली.

आठ-नऊ महिन्यांनी हिराबाईंची सून, संगीता, प्रयोगशाळेत आली. खुरपणी करताना हिराबाईंच्या पोटरीला खुरपं लागलं होतं. जखम त्यांनी विहिरीच्याच पाण्याने धुतली, वर फडकं बांधलं आणि दोन दिवस तसंच पाणी भरलं. आता पाय सुजून काळा पडत चालला होता, सिव्हिलला भरती केलं होतं, औषधं लागू पडत नव्हती.

"डॉक्टर इचारत्यात, जखमेला कुठलं पानी लागलं," संगीता म्हणाली. "मी तुमचा कागद दाखवला. पानी बरं हाय ना, ताई? डॉक्टरांना काय सांगू?"

वही माझ्या खणात होती. त्या आठव्या टिकलीचं नाव त्यात होतं. हात लांब करायचा अवकाश होता.

"पाणी बरंच होतं," मी म्हणाले.

दवाखान्याची स्वतःची तपासणी यायला तीन दिवस लागले. तोवर पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो माझ्या बशीतलाच जंतू होता का? असेल, नसेल. ते औषध तीन दिवस आधी मिळतं तर पाय वाचता का? माहीत नाही. ताडून बघायला ज्या बशा हव्या होत्या, त्या मीच नष्ट केल्या होत्या. त्यामुळे या 'माहीत नाही'च्या आडोशाला उभं राहायचा हक्क मला नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या मळ्यावर गेले. सगळं सांगायचं, असं ठरवूनच. हिराबाई ओट्यावर कुबडी शेजारी ठेवून बसल्या होत्या. संगीता त्याच विहिरीवर भांडी घासत होती. मी बसले, पाणी नको म्हणाले आणि बोलायला लागले. ते पाणी वापरू नका, म्हणाले. नाल्यातल्या विषामुळे त्यात औषधांना दाद न देणारे जंतू झाले आहेत, म्हणाले. इथवर खरं होतं.

"हे कवा कळलं?" हिराबाईंनी विचारलं.

"आत्ताच," मी म्हणाले. "नवीन तपासणीत."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "आमच्यासारख्यांसाठी कोन येतं हो एवढ्या लांब," त्या म्हणाल्या. "तुमी आल्या म्हून कळलं. देव तुमचं भलं करो."

मी हात सोडवून घेतला नाही. मान हलवली, आणि ते आभार घेऊन घरी आले.