ओढणाऱ्याचं ताट

आळेफाट्यावर कल्याणची एस्टी लागली तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, खिडकीतून बाजरीचं गाठोडं आत ढकललं, मागून तुपाची बरणी दिली, आणि गाडी हलली तरी खिडकीची दांडी सोडीनात. "त्याला अर्धपोटी ठिवू नगं गं! परत वाढल्याबिगर ताटावरनं उठू देऊ नगं!" माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, पण अख्खी एस्टी हसायला लागली, त्यामुळं धड रडताही आलं नाही. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचं साल असेल. आमचे हे फायर ब्रिगेडमध्ये लागले होते, क्वार्टर मिळाली म्हणून मला न्यायला आले होते. बोरीतल्या जावांनो, नणंदांनो, आणि माझ्यासारख्या पदर खोचून मुंबईकडं निघालेल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय.

सासरी, बोरीत, दार उघडलं की वावर, कांद्याचे वाफे आणि पलीकडं कुकडीचं पात्र. इथं क्वार्टरचं दार उघडलं की गॅलरी, आणि खाली आवारात लालभडक गाड्या. घंटा झाली की भरल्या ताटावरून माणूस उठून जायचा. पहिले काही महिने दर घंटेला मी गॅलरीत धावायची. मग सवय झाली, घंटा झाली की मी आपला गॅस बंद करायची आणि ताटावर ताट झाकायची. खरं सांगते, मी तिथं सुखात होते. नळाला पाणी होतं, शेजारणी जिवाला जीव देणाऱ्या होत्या, आणि सासू लांब होती. हसू नका, तुमच्याही मनात तेच आलंय.

खाली आवारात ड्रिल चालायची. आगीत आपलाच जवान पडला तर त्याला बाहेर कसं काढायचं, याची. एकजण पाठीवर हवेची टाकी बांधून बेशुद्धासारखा पडायचा. दुसऱ्याच्या मास्कवर काळं फडकं, म्हणजे धुरातल्यासारखं काही दिसू नये. त्यानं पाण्याच्या पाइपाला धरून रांगत यायचं, पडलेल्याला चाचपून शोधायचं आणि त्याच पाइपाच्या मागानं ओढत बाहेर न्यायचं. आणि आपणच अडकलो तर? धावपळ करायची नाही, खाली आडवं व्हायचं, अंगावरचा भोंगा चालू करायचा, आणि हवा पुरवून पुरवून घ्यायची. हे घरी मला पाठ म्हणून दाखवायचे. मी म्हणायची, "शुभ बोला की जरा!"

यांच्या जोडीला अशोकभाऊ असायचे. डिंगोऱ्याचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले. लग्न नव्हतं झालेलं, मेसमध्ये जेवायचे, आणि अंगानं म्हणाल तर वाळलेली शेंग. एक दिवस ते जिन्यात मला म्हणाले, "वहिनी, दादाला वाढताना जरा हात आखडता घ्या. उद्या आत पडला तर मलाच वढायचाय."

माझं टाळकंच सरकलं. "माझ्या नवऱ्याचे घास मोजता व्हय? नजर लागंल त्याला!"

"मंग या खाली, तुमीच वढून बघा."

गेले की मी! पदर खोचला. माहेरी कांद्याची पोती उचललेली बाई मी. हे पाठीला टाकी बांधून आवारात कुंभकर्णासारखे पडले, वर मला डोळाही मारला. बगलेत हात घालून मी जोर लावला, तर माणूस जागचा हलेना. गॅलरीतून बायका खिदळत होत्या. मग अशोकभाऊंनी दाखवलं. टाकीचा कमरेचा पट्टा सोडून यांच्या दोन पायांमधून घेतला, म्हणजे ओढताना टाकी अंगातून निसटत नाही. खाली बसून, मांड्यांच्या जोरावर रेटा दिला. हे हलले, थोडे सरकले, आणि अशोकभाऊंची धाप लागली. ते जमिनीवर बसले तसं माझं हसू पळालं. माझं कुंकू या माणसाच्या दंडावर होतं, आणि दंड तर माझ्या लाटण्याएवढा!

नवऱ्याला कमी वाढणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. मी म्हणाले, "ह्यांना वाळवायचं मला जमायचं न्हाई. तवा तुमालाच वाढवते. उद्यापासनं जेवायला हिकडं यायचं."

आणि खरंच वाढवलं. बाजरीची भाकरी, तूप, शेंगदाण्याच्या कुटाचा घट्ट म्हाद्या, रविवारी रस्सा. लाजून नको म्हणाले की मी म्हणायची, "तुमच्यासाठी कोण वाढतंय? मी माझ्यासाठी वाढते." पुढं त्यांचं लग्न झालं, शेजारचीच क्वार्टर मिळाली, तरी दुपारचं ताट आमच्याकडंच. दोघांची पोरं एकाच परातीत जेवून मोठी झाली.

मग एका वर्षी कापडाच्या गोदामाला आग लागली. आत गठ्ठ्यांची थप्पी कोसळली आणि यांचा पाय खाली सापडला. यांनी धडपड केली नाही. पालथे पडून भोंगा चालू केला आणि श्वास मोजून घेत राहिले. अशोकभाऊ त्या आवाजाच्या रोखानं रांगत गेले, पाय मोकळा केला, पट्टा पायांमधून घेतला, आणि पाइप धरून माझा माणूस दारापर्यंत ओढत आणला. दवाखान्यात मला बघून काळ्याठिक्कर तोंडानं म्हणाले, "वहिनी, खाल्ल्या मिठाला जागलो बरं का." मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. लोक काय म्हणतील, हा विचारही मनात आला नाही.

सासरे धावत आले. त्यांना मी मामा म्हणते. "लई झालं," म्हणाले. "वावर हाय, इहीर हाय. ह्याचा पाय बरा झाला की समदी घरी चला. ही खोली देऊन टाका सरकारला." हे पायाच्या प्लास्टरवरून हात फिरवत राहिले. मी भ्याले होते. मनातून मलाही जावं वाटत होतं. गॅलरीत भांडी बांधायलासुद्धा घेतली मी.

पायाचं प्लास्टर निघेपर्यंत मामा आमच्याकडंच राहिले. करमणूक म्हणून खाली ओट्यावर बसून रोज ड्रिल बघायचे. अशोकभाऊंना खोदून खोदून विचारायचे, पट्टा कसा घेतला, दम कसा टिकवला. हे पुन्हा चालायला लागले आणि गावी निघायचा दिवस आला. सगळ्यांच्या पिशव्या दारात होत्या. मामा यांना म्हणाले, "खाली चल. आधी अशोकला वढून दाखव. त्यानं तुला काढला. उद्या त्यो पडला तर तुला काढता यायला नगं?"

अशोकभाऊ आडवे झाले. एव्हाना ते माझ्या भाकरीनं चांगलेच भरले होते. यांनी पट्टा घेतला, ओढायला लागले. दुखरा पाय थरथरत होता. मध्येच थांबले तसे मामा ओरडले, "थांबतो काय! त्याची बायको वर हुबी हाय!" ती खरंच माझ्या शेजारी उभी होती, माझा हात घट्ट धरून. हे फाटकापर्यंत ओढत घेऊन गेले.

मामांनी अशोकभाऊंच्या पाठीची माती झटकली. वर आले, दारातली स्वतःची तेवढी पिशवी उचलली, आणि मला म्हणाले, "येतो बाय. सवड काढून गावाला या चार दिस."

सासऱ्यानं सुनेला, लेकीला बोलवावं तसं, चार दिवस या म्हणावं! त्या दिवसापासून बोरी माझं माहेर झालं.