हॅमर, स्ट्रायकर आणि पुष्पाचा दुपट्टा

पुष्पा गेल्याचा फोन अकोल्याहून आला तेव्हा मी अमरावतीच्या फायरिंग रेंजवर नव्या पोरींना पिस्तूल उघडायला शिकवत होते. “मॅडम, पुष्पाताई सभेच्या बंदोबस्तात पडल्या... ऊन लागलं,” एवढंच तिच्यासोबतची शिपाई कविता बोलली आणि रडायला लागली. पुढे शोकसभेत ‘कर्तव्यावर आलेलं वीरमरण’ वगैरे भाषणं झाली. वीरमरण कसलं डोंबलाचं! इतके आठवडे झाले, माझा संताप ओसरत नाही.

आम्ही दोघी एकाच तुकडीत पोलिसात भरती झालो, दोघीही पुढे शस्त्र शिकवणाऱ्या झालो आणि सगळी नोकरी एकाच गोष्टीवरून भांडलो. ती हॅमरच्या पिस्तुलाची, मी स्ट्रायकरच्या. तिच्या पिस्तुलात मागे उघडी हातोडी असते, ती पिनेवर आपटते. माझ्यात पिनच आत स्प्रिंगवर ताणलेली, बाहेरून काही दिसत नाही. “जे डोयानं दिसत नाई, त्याच्यावर मी भरोसा ठेवत नाई वो,” ती म्हणायची. “म्हनून त तुह्यं लग्न नाई जमलं,” मी म्हणायचे, आणि हसता हसता ती चहा सांडायची.

मेळघाटच्या पावसात आणि अकोल्याच्या उन्हात यातलं कोणतं दगा देणार नाही ते करून दाखवा, असं एका साहेबांनी सांगितलं तेव्हा पुष्पाच्या अंगात आलं. काळ्या मातीचा चिखल तिने स्वतः कालवला, पुरणपोळीची कणीक भिजवावी तसा सैल. दोन्ही पिस्तुलं त्यात बुडवली. तिच्या हातोडीच्या फटीत माती बसली आणि हातोडी पुरती पडेना, माझ्यातून मात्र गोळी सुटली. मी चक्क नाचले. मग तेल चोपडून दोन्ही धुळीत ठेवली. माझ्या पिनेची वाट चिकट झाली, ठोका हलका पडला, गोळी सुटली नाही. तिचीही पहिल्या दाबाला सुटली नाही, पण तिने ट्रिगर पुन्हा दाबला, हातोडी परत आपटली आणि सुटली. मला मात्र पिन पुन्हा ताणायला वरची सरकती स्लाइड ओढून ती गोळी टाकून द्यावी लागली. शेवटी दुपारभर उन्हात ठेवली. इतकी तापली की पुष्पाने आपला गुलाबी दुपट्टा ओला करून त्यात धरून उचलली. दोन्ही चालली. साहेब खूश. तेव्हा ती म्हणाली, “साहेब, पिस्तुलं त पास झाले. पन ते घेऊन उन्हात उभं राहनारं मानूस कोनी तपासून राहिलं का?” साहेब हसले. छान बोलता तुम्ही, म्हणाले.

त्या सभेच्या दिवशी काय झालं ते मी कविताकडून काढून घेतलंच. काडतुसं उन्हात ठेवायची नाहीत असा नियम आहे, म्हणून त्यांची पेटी पुष्पाने आपल्या हाताने मंडपाच्या सावलीत ठेवली. पाहुण्यांना कूलर होते. बंदोबस्ताची माणसं मात्र उघड्या मैदानात! तिने डोक्याला दुपट्टा बांधला तर एक अधिकारी खेकसला, “वर्दीवर हे काय? काढा आधी.” अहो, मे महिन्यात वऱ्हाडात शेंबडं पोरही डोकं बांधल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तिने दुपट्टा काढला, घडी करून पिशवीत ठेवला. गरगरतंय, बदली माणूस द्या, असं तिने दोनदा सांगितलं. बदली आली नाही. ती उभी होती तिथेच खाली बसली... ती उठलीच नाही. मग सगळे पाणी घेऊन धावले. पेटीतली काडतुसं मात्र थंडगार होती.

तिच्या आईने ती पिशवी माझ्या हातात दिली. “तुह्याजवळ ठेव माय, मले पाहावत नाई.” आत तोच गुलाबी दुपट्टा होता, कोपऱ्याला पिस्तुलाच्या तेलाचा डाग असलेला, घडी तिने घातली तशीच. ती घडी मोडताना मी खूप रडले. आता रेंजवर मी तो वर्दीवर बांधते आणि शिकणाऱ्या पोरींनाही आपापले बांधायला लावते. या लिहिण्याबद्दल मला जाब विचारला जाईल. विचारू देत. पण दुपट्टा काढा, असं मला अजून कोणी म्हटलेलं नाही. एकदा म्हणून तर पाहा.