यिंचूच्या हातचं किमिझ

राणीसाहेबांच्या लग्नात आमच्या खानाने चांगआनच्या चिनी सम्राटाला घोडे दिले, आणि सासरी सोबत म्हणून आम्हा दोघींना धाडलं. मी केस विंचरायला, यिंचू घोड्यांच्या धारा काढायला. घोडीचं दूध आंबवून केलेल्या किमिझवाचून राणीसाहेबांना घास उतरत नसे. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. राणीसाहेबांना तरी कुठे विचारलं होतं!

यिंचू मोठी फटकळ. शिंगरू आधी लुचल्याशिवाय घोडी पान्हा सोडत नाही, हे तबेल्याच्या कारभाऱ्याला पटेना. तो शिंगरं लांब बांधायचा.

"मग तूच उभा राहा घोडीपाशी," ती म्हणाली. "बघू सोडते का."

शिंगरं परत आली. तिचं स्वतःचं अंगावरचं पोर मात्र तिकडे कुरणात, आजीपाशी राहिलं होतं. आल्तुन आता चालत असेल, आता घोड्यावर बसत असेल, असं ती मला ऐकवत राही. मी कंटाळायचे, तरी ऐकायचे. वर्षं गेली. शेवटी तिने राणीसाहेबांचे पाय धरले.

"एकदा लेक बघायची आहे."

राणीसाहेबांना स्वतःला माहेर कधीच दिसणार नव्हतं. तरी त्यांनी निरोप धाडला, यिंचूच्या तोडीची दुसरी पाठवा, हिला परत न्या.

वसंतात खानाचे वकील आले. गाडीतून एक सडपातळ पोरगी उतरली, सरळ घोडीपाशी गेली आणि शिंगराची मान खाजवत गुणगुणू लागली. ते गाणं यिंचूच्या घरचं होतं. यिंचूच्या हातातली चरवी खाली पडली.

"तुला कोणी पाठवलं गं?"

"आजीने शिकवलं, वस्तीने पाठवलं. तू आता घरी जायचंस, आई."

वकील होते तोवर यिंचू लेकीच्या वेण्या घालत आणि सोडत बसली. गाड्या निघाल्या, तेव्हा तिने आल्तुनलाच वर चढवलं.

"मग मी आले कशाला?" पोर रडू लागली.

"मला तुला बघायचं होतं. बघून झालं."

मी तिला वेडी म्हटलं. "जन्मभर घरी जायचं म्हणून जीव खाल्लास माझा!"

"म्हणूनच तिच्या वाट्याला ते नको."

गाड्या गेल्यावर मुरलेलं पहिलं किमिझ राणीसाहेबांनी तोंडाला लावलं आणि त्या थबकल्या. हात ओळखीचा होता. त्यांना आनंद लपवता आला नाही, आणि त्याची लाजही वाटली. त्यांनी यिंचूला बोलावलं.

"माग, काय हवं ते माग."

"आता दुसरी मागवू नका," यिंचू म्हणाली. "मी मेल्यावरसुद्धा."