पाट्यावर ठेवलेला रेकॉर्ड प्लेअर

राग माझ्या नाकावर असतो, पण धक्का मला सहसा बसत नाही, असा माझा समज होता. तो समज वर्ध्याजवळच्या सेलूच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, भर दुपारी मोडला. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की अंगावर काटा येतो. आणि हे सगळं झालं एका स्टँडपायी.

घर रस्त्याला लागून. समोर बाबांचं किराणा दुकान, मागे आम्ही. कापसाचा हंगाम आला की सरकी काढायच्या जिनिंगकडे जाणारे ट्रक दारावरून जायचे आणि मांडणीतल्या ताटांपासून खिडकीच्या काचांपर्यंत सगळं थरथरायचं. पुढच्या खोलीत एक लांब सागवानी संदूक होती. तिच्यात गोधड्या, तिच्यावर रेकॉर्ड प्लेअर आणि त्याच्या दोन बाजूंना दोन स्पीकर. लोकांकडे कॅसेट जाऊन सीडी येत होत्या, पण बाबांच्या तबकड्या काही सुटल्या नव्हत्या.

दुपारी दुकानाच्या फळ्या लावून, जेवून ते तिथं येत. खुर्ची संदुकीला भिडवत, डोळे मिटत आणि उजवा पंजा तिच्या झाकणावर ठेवून म्हणत, "हं, लाव." मग ढोलकीच्या भजनांची एक बाजू, कधी दोन. दिवसभरातलं त्यांचं सुख एवढंच. मी वर्ध्याला एका कार्यालयात नोकरीला, सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत. त्यामुळे तबकडी लावायचं काम इतर दिवशी आईचं आणि रविवारी माझं.

ट्रक गेला की सुई उडायची. बाबा डोळे न उघडता बोट वर करून म्हणत, "उडाली." कित्येकदा मला कळायच्या आधी त्यांना कळायचं. या वयात काय कान आहेत माणसाचे, असं मी कार्यालयात सांगत सुटायचो. दुकानात मात्र ते गिऱ्हाइकाला म्हणत, "चिठ्ठी लिहून आणत जा, बापू, माह्या ध्यानात राह्यत नाई." मला वाटायचं, म्हातारपण. आमचं आपसात बोलणं बेताचंच, आणि मी जे काय बोलायचो ते ओरडूनच.

एका रविवारी त्यांच्या लाडक्या भजनावर सुई अशी घसरली की तबकडीवर पांढरी रेघ उमटली. माझं डोकं तापलं. म्हटलं, बास. न हलणारं स्टँड आणल्याशिवाय मी काही गप्प बसत नाही.

"काऊन त्याच्या मागं लागला?" आई म्हणाली. "संदुकीवर काय काटे हायेत? राहू दे न तसंच."

ऐकतो कोण! वर्ध्याहून चाकांची काचेची ट्रॉली आणली. दुकानदारानं तिची तारीफ करून करून मला घोळात घेतलं होतं. पहिल्याच ट्रकला ती एसटीच्या मागच्या खिडकीसारखी खडखडली. ती आईनं लोणच्याच्या बरण्यांना घेतली. मग वेल्डरकडून लोखंडी अँगलचा रॅक करून घेतला. तो पाडसासारखा चार पायांवर उभा राहिला खरा, पण ढोलकीचा ठोका पडला की स्वतःच टणटण वाजायचा. वेल्डर म्हणाला, "साहेब, लोखंड हाय, वाजणारच न." मी त्याला खाऊ का गिळू असं बघितलं.

शेवटी वर्ध्यातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिकनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. "खाली मऊ पाहिजे, वर जड पाहिजे. अन् स्पीकर त्याच फळीवर ठेवू नका, त्याईचा हादरा सुईले लागते." मला लाज वाटली. इतके महिने भटकत होतो, आणि घरात मोरीजवळ आमचा पाटा पडून होता. मिक्सर आल्यापासून त्याच्यावर काही वाटलं जात नव्हतं. दोघांनी उचलावा असा काळा दगड. याहून जड काय असणार?

"पाट्याले हात लावू नको," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम चढला. "त्याच्यावर तुही सटी पुजली होती. त्याच्यावर बाजा ठेवशीन?"

मी हसलो. जन्मानंतर सटवाईनं येऊन कपाळी नशीब लिहायचं, त्यासाठी पुजलेला तो पाटा. म्हटलं, माझं लिहून झालं, आता दगड रिकामाच आहे. आई हसली नाही.

चतुर्थीला ती केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेली. चतुर्थी रविवारीच आली होती, तेव्हा मी डाव साधला. बाबा दुकानात होते. शेजाऱ्याला हाताशी धरून पाटा पुढच्या खोलीत आणला. सायकलच्या दोन ट्यूब अर्धवट फुगवून फरशीवर ठेवल्या, त्यांवर पाटा, पाट्यावर सागाची फळी, फळीवर प्लेअर. स्पीकर भिंतीवर खिळ्यांना टांगले. संदूक ओढत आतल्या खोलीत नेली. मग काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला फळीवर ठेवून ट्रकची वाट बघत बसलो. ट्रक आला. खिडकी थरथरली, ताटं वाजली, आणि पेल्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. मी थक्क झालो. एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

आई परत आली तेव्हा बाबा जेवून उठत होते. पाटा बघून ती दारातच थांबली. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. बाबांची खुर्ची फळीपाशी सरकवली. ते नेहमीसारखे बसले, डोळे मिटले. उजवा हात सवयीनं पुढे आला, संदूक नव्हती म्हणून क्षणभर तसाच राहिला, मग फळीवर टेकला. मी त्यांचं लाडकं भजन लावलं, आवाज चांगला मोठा ठेवून.

ढोलकी सुरू झाली. झांजा आल्या. गाणारा वरच्या पट्टीत गेला. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होतो, आता शाबासकी देतील म्हणून.

"हं," बाबा म्हणाले. "लाव न आता."

मला वाटलं, थट्टा करतायत. भजन रंगात आलेलं. बाहेरून ट्रक गेला, सुई जागची हलली नाही.

"काऊन थांबला रे?" डोळे मिटलेलेच. "लाव न."

"बाबा, चालू हाय!" मी ओरडलो. मी रोज ओरडायचो तसाच. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. फळीवरचा पंजा तेवढा जरा दाबला गेला, काहीतरी चाचपल्यासारखा.

मी आईकडे बघितलं. तिनं पदर तोंडात धरला होता.

"कान गेले त्याईचे," ती हळूच म्हणाली. हळू बोलायची काही गरज नव्हती. "तीन सालं झाले. बोलनं तोंड पाहून वळखते, गानं हातानं ऐकते ते. मले शपथ घातली होती, कोनाले सांगू नको म्हणून. दुकानात बसू देनार नाई लोकं, म्हणत."

एवढ्यात बाबांनी डोळे उघडले. आधी आमची तोंडं बघितली, मग फिरणारी तबकडी, मग भिंतीवरचे स्पीकर. त्यांना सगळं समजलं. दुकानात गिऱ्हाइकासमोर कधी न पडलेला त्यांचा चेहरा माझ्यासमोर पडला. त्यांनी फळीवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"चांगलं केलं स्टँड," ते म्हणाले. "हालत नाई."

मला रडू आलं. ज्यांच्या कानांची मी कार्यालयात फुशारकी मारत होतो, त्यांना तीन वर्षं मी काही विचारलंच नव्हतं. आणि त्यांच्यापाशी जे उरलं होतं, तेही पाण्याचा पेला ठेवून, टाळ्या वाजवून मी बंद करून टाकलं होतं.

मी संदूक एकट्यानं ओढत परत आणली. स्पीकर काढून तिच्यावर ठेवले, मध्ये प्लेअर. आईनं पाटा धुऊन त्याला हळदकुंकू लावलं. बाबा हे सगळं खाली मान घालून बघत होते. मी त्यांचा हात धरून झाकणावर ठेवला आणि समोर बसून माझाही पंजा लाकडाला टेकवला. सुई ठेवली. ढोलकीचा पहिला ठोका तळहाताला लागला तसा मी दचकलो. किती स्पष्ट होता तो!

बाबांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं लाकडातून लांबून काहीतरी येऊ लागलं, कापसाचा ट्रक. खिडकी वाजली, तबकडीवर आणखी एक रेघ पडली.

बाबांनी बोट वर केलं. "उडाली," ते म्हणाले.

"उडाली," मी म्हणालो, आणि सुई उचलून पुन्हा तिथंच ठेवली.